सात वर्षं कुठे ठेवलीस? छोट्यांना फ्रेंचमध्ये वय सांगायला शिकवताना

शनिवारी सकाळी आमच्या दांडिया बाजारातल्या घरी झोपाळ्यावर चार आणि खाली सतरंजीवर तीन अशी सात पोरं फ्रेंच शिकायला बसतात. सगळी मराठी घरांतली. घरात मराठी, खाली खेळायला उतरली की गुजराती, टीव्हीसमोर हिंदी, शाळेत इंग्रजी. बडोद्यात हे कुणाला नवल वाटत नाही. फ्रेंच म्हणजे त्यांची पाचवी भाषा, आणि पाचवी भाषा शिकवायची तर आधीच्या चारांपैकी कुठल्या दारानं आत न्यायचं हे शिकवणाऱ्यानं ठरवावं लागतं. मी ते पहिल्या वर्षी ठरवलं नव्हतं, म्हणून फसले.

झालं असं. पहिल्या आठवड्यात मी पोरांना ‘झ स्वी’ शिकवलं. म्हणजे ‘मी आहे’. मी मुलगा आहे, मी भारतीय आहे, छान चाललं होतं. दुसऱ्या आठवड्यात वय आलं. मी प्रश्न विचारला आणि सर्वात हुशार पोरगा झोपाळ्यावरून ताठ मानेनं म्हणाला, “झ स्वी सेत.” मी सात आहे. बाकीच्यांनी री ओढली. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. इंग्रजीत तसंच म्हणतात, आणि परकी भाषा म्हटली की आमची पोरं डोक्यातल्या इंग्रजीच्या कप्प्यात हात घालतात. पण फ्रेंच माणसाला ते ‘मी सात आहे’ म्हणजे ‘माझा नंबर सात आहे’ असं काहीतरी वाटेल.

फ्रेंचमध्ये माणूस सात वर्षांचा नसतो. त्याला सात वर्षं असतात. वाक्य आहे ‘झे सेताँ’. ‘झे’ म्हणजे ‘मला आहे’ किंवा ‘माझ्याजवळ आहे’, ‘सेत’ म्हणजे सात, ‘आँ’ म्हणजे वर्षं. ‘असणे’ या क्रियापदाचं फ्रेंच रूप ‘एत्र’ वेगळं आणि ‘जवळ असणे’चं ‘आव्वार’ वेगळं. वयाला हे दुसरं लागतं. स्पॅनिश आणि इटालियनमध्येही हीच पद्धत, तिथेही वर्षं ‘जवळ असतात’. युरोपातली ही भावंडं एका बाजूला आणि इंग्रजी दुसऱ्या बाजूला.

आता मराठी कुठे? मराठी दोन्हीकडे आहे, आणि हेच आपलं भाग्य. ‘मी सात वर्षांचा आहे’ असं आपण म्हणतो, तसंच ‘मला सात वर्षं पूर्ण झाली’ असंही म्हणतो. गुजरातीत शेजारची मुलं ‘मने सात वर्ष थयां’ म्हणतात. ‘मला’, ‘मने’. वय हे माझ्या बाबतीत घडलेलं, माझ्याकडे आलेलं काहीतरी, मी स्वतः नव्हे. फ्रेंचच्या घरात शिरायचं दार हे ‘मला’चं आहे.

हे एकदा ध्यानात आलं की वयापुरतंच थांबावं लागत नाही. ‘मला दोन भाऊ आहेत’: ‘झे द फ्रेर’. ‘मला भूक लागली’: ‘झे फँ’. ‘मला तहान लागली’: ‘झे स्वाफ’. ‘मला थंडी वाजते’: ‘झे फ्र्वा’. ‘मला भीती वाटते’: ‘झे पर’. ‘मला झोप आली’: ‘झे सॉमेय’. मराठीत लागते, वाजते, वाटते, येते अशी दर वेळी निराळी क्रियापदं, फ्रेंचमध्ये सगळ्यांना मिळून एक ‘झे’. इंग्रजीत हेच सगळं ‘मी भुकेला आहे, मी भ्यायलेला आहे, मी सात आहे’ अशा थाटात जातं, म्हणून इंग्रजीच्या दारानं गेलेलं पोर प्रत्येक वाक्याला अडखळतं. मराठीच्या दारानं गेलेलं फारसं अडखळत नाही. फारसं म्हणते, कारण हा काही रामबाण नियम नाही: ‘मला राग आला’ म्हणायला मात्र फ्रेंच ‘झ स्वी’कडे वळतात आणि ‘मला कंटाळा आला’ला तिसरंच काहीतरी आहे. पण सात वर्षांच्या मुलाला भूक, तहान, थंडी, भीती, झोप आणि वय एवढं एका झटक्यात येत असेल तर राग-कंटाळ्याचं पुढच्या वर्षी बघू.

एक सावधगिरी. ‘झे’चा अर्थ मुलांना ‘माझ्याकडे आहे’ असा सांगितला तर ती लगेच चेष्टेवर येतात. आमच्याकडे एकानं विचारलं, “सात वर्षं माझ्याकडे आहेत? कुठे ठेवलीत?” मी त्याला गप्प बसवणार होते, पण मग वाटलं, बरोबरच विचारतोय की! स्वयंपाकघरातून चिंचोक्यांचा डबा आणला आणि सगळ्यांना सांगितलं, जितक्या वर्षांचे आहात तितके उचला. मुठीत सात चिंचोके घेऊन तो म्हणाला, “झे सेताँ.” तेव्हापासून आमच्याकडे वय चिंचोक्यांत असतं. वाढदिवस आला की एक चिंचोका वाढतो, आणि ‘मी आठ आहे’ असं कुणी म्हणत नाही, कारण चिंचोका कोण होईल!

‘आँ’ गाळायचं नाही, हाही मुद्दा चिंचोक्यांनीच सुटतो. इंग्रजीत नुसतं ‘सात’ म्हणून भागतं, फ्रेंचमध्ये ‘झे सेत’ म्हटलं की समोरचा वाट बघत राहतो: सात काय? भाऊ? पेन्सिली? हे मला विद्यापीठात शिकताना अनुभवानं कळलं. बाहेरून आलेल्या एका पाहुण्या बाईंनी वय विचारलं आणि मी मोठ्या आत्मविश्वासानं फक्त आकडा सांगितला. त्यांनी भुवया वर करून माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी आकडा पुन्हा सांगितला, मोठ्यानं.

आता उच्चार. लिहून दाखवलेलं फ्रेंच मुलांना घाबरवतं, कारण लिहितात एक आणि बोलतात दुसरं, म्हणून मी पहिले दोन महिने फळा वापरतच नाही. इथेही देवनागरीत लिहितेय ते कामचलाऊ आहे. ‘झे’चा झ आपला नाही. मुलांना ‘श’ लांबवायला सांगायचं, श्श्श्श, आणि मग तोच आवाज गळ्यातून घुमवायचा. बोट गळ्याला लावलं की थरथर लागते, तिथे तो सापडतो. ‘आँ’ नाकातून, हिंदीतल्या ‘हाँ’चा ह काढून टाका, झालं. ‘त्यू’ म्हणजे ‘तू’, पण तो स्वर ‘ई’ म्हणता म्हणता ओठ ‘ऊ’सारखे गोल करून काढायचा. पोरांना हे फार आवडतं, मोठ्यांना लाज वाटते. एवढं पुरे.

खरी गंमत आकडा आणि ‘आँ’ यांच्या जोडणीत आहे, तिथे थोडं थांबते. फ्रेंचमध्ये पुष्कळ शब्दांच्या शेवटचं अक्षर झोपलेलं असतं. पुढचा शब्द स्वरानं सुरू झाला की ते जागं होतं आणि पुढच्या शब्दाला जाऊन चिकटतं. दोनला ‘द’ म्हणतात, पण दोन वर्षं म्हणजे ‘दजाँ’. तीन ‘त्र्वा’, तीन वर्षं ‘त्र्वाजाँ’. हा ज ‘बाजू’तला, ‘जीव’मधला नव्हे, मराठी मुलाला हा फरक सांगावा लागत नाही. सहा एकटा असतो तेव्हा ‘सीस’, पण सहा वर्षं ‘सीजाँ’ आणि सहा महिने ‘सी म्वा’. एकाच आकड्याचे तीन मुखवटे. दहाचंही तसंच: ‘दीस’, ‘दीजाँ’, ‘दी म्वा’. दहाला ‘दीस’ म्हणतात हे ऐकून आमची एक आजी म्हणाली, “दीस उगवला की दहा वाजतातच या पोरांचे.”

हे जोडून बोलणं आपल्यालाही काही परकं नाही. ‘सात-आठ दिवस’ आपण कधी तोडून म्हणतो का? ‘साताठ’ म्हणतो. ‘सेत’ आणि ‘आँ’ मिळून ‘सेताँ’, अगदी साताठसारखं. आठ म्हणजे ‘उईत’, म्हणून ‘उईताँ’. आणि नऊ! एकटा ‘नफ’, पण वर्षांना चिकटला की फ चा व होतो: ‘नवाँ’. आपलं ‘नव’ समोर येऊन उभं राहतं. हा योगायोग नव्हे. फ्रेंच लॅटिनची लेक, मराठी संस्कृतच्या कुळातली, आणि लॅटिन-संस्कृत दूरच्या बहिणी. म्हणून तिकडचे द, सेत, नफ, दीस आणि आपले द्वि, सप्त, नव, दश यांचे चेहरे जुळतात. सातची कहाणी तर मला फारच आवडते. संस्कृत ‘सप्त’ मधला प झिजत झिजत आपण ‘सात’ केलं. लॅटिनच्या ‘सेप्तेम’मधला प फ्रेंचांनीही तसाच गिळला. पुढे त्यांच्या पंडितांना लॅटिनची आठवण झाली आणि लिहिण्यात त्यांनी तो प परत आणून बसवला, बोलण्यात मात्र आजही येत नाही. म्हणजे दोन घरांनी हजारो मैलांवरून एकाच आकड्यातलं एकच अक्षर खाल्लं.

या सगळ्यावरून माझी शिकवण्याची पद्धत बदलली. सुटे आकडे पाठ करून घ्यायचे आणि मग त्यांना ‘आँ’ जोडायला शिकवायचं, हा पुस्तकांचा क्रम मी सोडून दिला. मी सुरुवातीपासून जोडलेलंच म्हणून घेते: सँकाँ, सीजाँ, सेताँ, उईताँ, नवाँ, दीजाँ. पाच ते दहा, बस. प्राथमिक शाळेतल्या मुलाला स्वतःचं आणि दोस्तांचं वय सांगायला एवढेच लागतात. शंभरपर्यंत आकडे घोकून घेण्यात आईबाबांना समाधान वाटतं, कबूल, पण ‘सीस आँ’ असं तोडून म्हणायची एकदा सवय लागली की ती मोडायला वर्ष जातं.

प्रश्नाचे दोन साचे आहेत. ‘केल आझ आ त्यू?’ हा नीटनेटका, आणि ‘त्यू आ केल आझ?’ हा रोजचा, खेळता खेळता विचारायचा. मी दुसरा आधी देते, कारण त्यात मराठीसारखं ‘तू’ पुढे येतं. मोठ्यांना विचारायचं तर ‘वूजावे केल आझ?’ इथे मराठी मुलांना काही समजावून सांगावं लागत नाही. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ त्यांच्या घरातच आहे. इंग्रजीनं हा फरक पुसून टाकल्यामुळे फक्त इंग्रजी जाणणाऱ्या मुलाला तो नव्यानं शिकावा लागतो. वाटणी मात्र थोडी वेगळी: फ्रेंच घरांत आजी-आजोबांनाही साधारणपणे ‘त्यू’ चालतं. आमच्याकडे एकीनं आजोबांना ‘त्यू’ म्हटलं आणि भाषांतरही करून दाखवलं. आजोबा हसले, आई नाही हसली.

वर्गातली सगळ्यात मोठी अडचण मात्र व्याकरणाची नाहीच. प्रश्न खोटा असतो, ही अडचण. एका वर्गात सगळ्यांचं वय सात, फार तर आठ, आणि सगळ्यांना सगळ्यांचं माहीत. मग ‘तुझं वय काय’ कशाला विचारायचं? मुलं दोनदा म्हणतात आणि तिसऱ्यांदा जांभया देतात. म्हणून मी चिठ्ठ्या करते. ज्यानं जी चिठ्ठी उचलली, तेवढ्या वर्षांचा तो. एकाला तीन, एकाला नव्वद, एकाला सहा महिने. चिठ्ठी दाखवायची नाही. बाकीच्यांनी विचारून काढायचं आणि मग सगळ्यांनी लहानापासून मोठ्यापर्यंत रांगेत उभं राहायचं. बाळ झालेला पोरगा रांगत येतो, नव्वदवाला कमरेत वाकून. आता खरोखरच कुणाला माहीत नसतं, म्हणून विचारावं लागतं, आणि उत्तर चुकलं तर रांग चुकते. व्याकरण तपासायला मी लागत नाही.

पुढची पायरी ‘त्याला’ आणि ‘तिला’ची: ‘ईल आ’, ‘एल आ’. मराठीत ‘सात वर्षांचा’ की ‘सात वर्षांची’ सांभाळावं लागतं, फ्रेंचमध्ये वर्षं वर्षंच राहतात, फक्त सुरुवातीचा ‘तो’ किंवा ‘ती’ बदलते. हे आमच्या मुलांना सुटल्यासारखं वाटतं. इथे मी फोटोंचा खेळ आणते. वस्तूंचं वयही फ्रेंचमध्ये ‘जवळ असतं’, म्हणून फोटो माणसांचेच हवेत असं नाही. आपलं कमाटीबाग 1879 सालचं, पॅरिसचा आयफेल टॉवर 1889 सालचा, लक्ष्मी विलास पॅलेस 1890चा. पोरांना दोन फोटो दिले आणि विचारलं, कुणाला किती वर्षं जास्त? आपल्या बागेला आयफेल टॉवरपेक्षा दहा वर्षं जास्त हे कळल्यावर ‘दीजाँ!’ असा जो जल्लोष झाला त्यात उच्चार जरा बिघडला, पण मी काही बोलले नाही. काळ्या घोड्यावरच्या सयाजीरावांचाही फोटो असतो. 1863 साली कवळाण्यात जन्म, 1875 साली दत्तक होऊन बडोद्याला आले. तेव्हा त्यांच्या मुठीत चिंचोके किती? ‘दूजाँ’, बारा. मुलांना हा आकडा चटकन आठवतो, कारण महाराज त्यांच्या मोठ्या दादाएवढे निघतात.

वाढदिवसाला ‘आनिव्हेर्सेर’ म्हणतात. हे ऐकून मुलं हमखास म्हणतात, “पण ती तर आईबाबांची असते!” इंग्रजीनं तो शब्द लग्नाला बांधला, फ्रेंच माणूस तो केकवरच्या मेणबत्त्यांनाही वापरतो. एवढं सांगून पुढे जायचं.

एक गोष्ट मात्र मराठी मुलांना खास अडवते, आणि ती कुठल्याच पुस्तकात मला भेटली नाही. आपल्याकडे वय दोन तऱ्हांनी मोजतात. सात पूर्ण झाली की घरात म्हणतात, “आठवं लागलं.” गुजरातीत ‘आठमुं बेठुं’. दोन्ही खरं आहे, पण मूल घरात सतत ‘आठवं’ ऐकतं आणि फ्रेंचमध्ये ‘उईताँ’ म्हणून मोकळं होतं. फ्रेंच फक्त पुरी झालेली वर्षं मोजतात. मुठीत आलेला चिंचोका मोजायचा, झाडावरचा नाही. अधलंमधलं सांगायचंच असेल तर ‘ए दमी’, आणि अर्धा: ‘झे सेताँ ए दमी’, साडेसात. आपल्याकडे दीड, अडीच, साडे अशी तऱ्हा. तिकडे सगळ्यांच्या मागे एकच ‘ए दमी’. लहान मुलांना या अर्ध्याचा केवढा अभिमान असतो ते घरात मूल असणाऱ्याला सांगायला नको.

आजीआजोबांचं वय विचारायला पाठवलं की मोठे आकडे आपोआप येतात, आणि तिथे फ्रेंचनं जरा घोळ घातलाय. साठपर्यंत सरळ आहे: ‘स्वासाँत’. सत्तरला स्वतंत्र शब्द नाही, साठ-दहा म्हणतात. पंच्याहत्तर म्हणजे साठ-पंधरा. ऐंशी म्हणजे चार-वीस, ‘कात्र वँ’, आणि नव्वद म्हणजे चार-वीस-दहा. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडच्या फ्रेंच बोलणाऱ्यांनी सत्तरला ‘सेप्ताँत’ असा सुटसुटीत शब्द ठेवलाय, त्यांच्या सत्तरात तो गिळलेला प ऐकूही येतो. फ्रान्सवाल्यांनी मात्र विसांचा हिशेब सोडला नाही. हे शिकवताना मोठी माणसं कपाळाला हात लावतात. मी लावत नाही, कारण माझ्या लहानपणी भाजीवाल्या आजी विसांतच मोजायच्या: तीन विसा, चार विसा. नव्वद म्हणजे चार विसा नि दहा.

गेल्या महिन्यात मी गृहपाठ दिला: घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला त्याचं वय विचारून या, आणि चिंचोके घेऊन या. पुढच्या शनिवारी एक छोटी कापडी पिशवी घेऊन आली. आजीला विचारलं तेव्हा आजी म्हणाल्या होत्या, “मला शहात्तरावं लागलंय गं.” आई म्हणाली पंच्याहत्तर लिही. मग दोघींची जुंपली. पोरीनं पिशवी सतरंजीवर ओतली, आणि शेवटी खिशातून आणखी एक काहीतरी काढून ढिगावर ठेवलं. सारीपाटाला फोडतात तसा मधोमध फोडलेला अर्धा चिंचोका.

“एल आ स्वासाँत-कँजाँ,” ती म्हणाली, मग त्या अर्ध्यावर बोट ठेवून, “ए दमी.”